कॉलरच्या वरचं माप

अण्णा, मी तुमची थोरली. आधीच सांगते, कारण जिवंतपणी तुम्ही मला धाकटीच्या नावाने हाक मारायचात, आता तर जाऊन पस्तीस वर्षं झाली. मला लिहिता येत नाही, एवढं तरी लक्षात आहे ना? नात लिहून घेतेय. ती माझी वाक्यं सरळ करते, मी परत वाकडी करायला लावते.

आनेकलच्या दुकानात तुमच्यासमोर बसून मी काजं-बटणं शिकले. गिऱ्हाइकाची मापं मला लिहिता येईनात, म्हणून तुम्हीच तोड काढलीत: ज्याची त्याची कागदाची पट्टी, खांद्याच्या मापाला एक खाच, छातीला दोन, बाहीला तीन. त्याच पट्ट्यांवर पुढे बेंगळुरात मी अर्ध्या पेठेचे ब्लाउज शिवले. मग गुडघ्यांनी पायडल मारायला नकार दिला. मुलगा म्हणाला, "आई, आता आराम." आराम मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मी नातीचे शाळेचे रंग पळवले. आता माझी चित्रं इंदिरानगरात एका फ्रेमवाल्याच्या दुकानात लागतात, लोक नाव विचारत येतात, आणि या वयात मी पुन्हा कामाची बाई झालेय. हसू नका.

दसऱ्याला फ्रेमवाल्याला दुकानात माझी चित्रं मांडायचीत. मधोमध मोठं एक हवं म्हणाला. मी तुम्हाला काढायला घेतलं, मशीनवर बसलेले. तुमच्या शेवटच्या दिवाळीच्या सदऱ्याची पट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती कापडावर ठेवली आणि खाचेखाचेने तुम्ही उतरत गेलात. डावा खांदा जरा पडका, तोही आला. बाही मनगटापर्यंत आली. मग कॉलर आली आणि हात थांबला. शिंपी माप घेतो ते गळ्यापर्यंतच.

फ्रेमवाला बघायला आला. "अज्जी, मुख एल्ली?" तोंड कुठाय म्हणे.

"स्वल्प थांब," म्हटलं, "येतंय."

दोन महिने झाले, येतंयच.

तुमचा एक फोटो नाही घरात. मी नऊ वर्षांची आहे, काज करतेय, तुम्ही हसताय की रागावलाय ते बघायला मान वर करते, आणि तुमची लाकडी पट्टी माझ्या बोटांवर बसते. "मान खाली! सुईकडे बघ. माझ्या तोंडावर काय शिवायचंय तुला?" तेव्हापासून लग्न होईपर्यंत हाताच्या अंतरावर बसले, पण सुईकडेच बघितलं. तुमच्या अंगठ्याचं फाटकं नख आठवतं, मशीनच्या तेलाचा वास आठवतो. नाक काढायला जावं तर माझ्या मुलाचं येतं, डोळे काढायला जावं तर आरशातले माझे. एवढं कुणी ऐकतं का हो बापाचं?

फ्रेमवाल्याला सांगितलं, आमचे अण्णा कायम वाकलेलेच असायचे, तोंड दिसायचंच नाही. "सरी अज्जी," बरं म्हणाला बिचारा. खोटं बोलले मी. तुमचा चेहरा मला आठवत नाही. हे त्याला नाही सांगितलं, धाकटीलाही नाही.

नात विचारतेय, पाकिटावर पत्ता काय घालू. पाकीट नको गं, ड्रॉवरमध्ये टाक. पण पुढचं सुनेला वाचून दाखव. आनेकलला दुकानासमोरच्या हॉटेलात कांद्याचे वडे कढईत पडले की अण्णा मशीन थांबवून मान वर करायचे, वासाच्या दिशेला. तेवढ्यासाठीच करायचे. तर सर्वपित्री अमावास्येला मी गच्चीवर चित्र आणि रंग घेऊन बसणार आहे. खिरीचं पान तुमचं तुम्ही खाली मांडा, मला वर कांदा घालून वडे… "आजी, श्राद्धाला कांदा?" असं काय बघतेस? लिही. वर वडे पाठवायचे, भरपूर कांदा घालून, कढईतून काढल्याकाढल्या.