पोटात घेतलेलं चाक

चाकण, कांदाबाजाराच्या मागे
गुरुवार, ८ नोव्हेंबर १९५६

प्रिय ज्योतीराम,

तुला लिहायचं म्हणून तीनदा कागद आणला. एकावर भजी खाल्ली, दुसरा घरमालकीण मंजुळाबाईला तिच्या भावाची खुशाली विचारायला दिला, तिसरा पंधरा दिवस उशाखाली चुरगळत पडला. तोच हा. दसऱ्यापासून टाळत आलो. कपाळाचे टाके काढले का? पुण्याला बहिणीकडे आहेस एवढंच कळलं.

मी सध्या कांद्याच्या गोण्या शिवतो. त्याआधी आठ दिवस तळेगावला एका तंबूवाल्याकडे होतो, त्याआधी आळंदीला एका टांगेवाल्याच्या घोड्याला चारा घालत होतो. घोडा चांगला होता, पण एका डोळ्यानं आंधळा. ते असो. कुठे बूड टेकत नाही बघ. हातात दाभण असतं आणि लांबून ट्रकचा आवाज आला तरी मी वर बघतो. परवा बोटातच दाभण घातलं. मुकादम म्हणाला, "राव, कांदे खाली असतात, आभाळात नसतात." सगळे हसले. मीही हसलो.

महाळुंग्याचा आपला माळ डोळ्यासमोरून हलत नाही. शेठचं ते चार माणसांचं विमान, त्याचा मिस्त्री तू आणि धावपट्टीवरच्या म्हशी हाकणारा मी. उतरल्या उतरल्या कॅप्टनसाहेब आधी विचारायचे, "बन्सी, आज किती म्हशींनी स्वागत केलं?" विमान उडालं की चाकं पोटात घ्यायचं, ते बघायला गावातली म्हातारी माणसंही कुंपणाशी यायची. मालोजीबुवा म्हणायचे, बगळ्याकडून शिकलंय बेटं.

खंडेनवमीला तू ते धुऊन पुसून लख्ख केलंस, पाना-हातोड्यांची पूजा केलीस, पंख्याला झेंडूचा हार घातलास. आणि दसऱ्याला सकाळी उडायच्या आधी हार, आंब्याची पानं, दोरे सगळं स्वतःच्या हातानं उतरवलंस. म्हणालास, उडणाऱ्या वस्तूच्या अंगावर काही नको. साहेब तुला पहिल्यांदाच वर नेणार होते. चार वर्षं दुसऱ्यांना उडवलंस, आज तुझी पाळी. नवी टोपी घालून आला होतास. ती हरवली का रे त्यात?

मग ते परत आलं. डावं चाक खाली आणि उजवं अर्धवट अडकलेलं. साहेब अगदी खालून घिरट्या घालत राहिले. काचेतून तू खाली वाकून हातानं चाक खाली सोडायची मूठ फिरवताना दिसलास, जीव खाऊन फिरवत होतास. मी पांढरं फडकं घेऊन पट्टीभर नुसता धावत होतो. उतरलं तेव्हा एका बाजूला कलंडून फुफाट्यात घसरत गेलं. साहेबांचं गळपट्टीचं हाड मोडलं, तुझं कपाळ फुटलं. आणि आता म्हणतात, मिस्त्रीनं सांध्याला तेलपाणी नीट केलं नव्हतं. सोमवारी चौकशीचा शेवटचा दिवस. तुझ्यावर ठपका आला की पुन्हा कुठल्याच विमानाला तुला हात लावू देणार नाहीत, हे सोपानराव चौकीदार सांगून गेला.

तेलपाणी नीट होतं, ज्योतीराम. तू हार उतरवून हातपाय धुवायला गेलास तेव्हा मी उजव्या चाकाच्या दांड्याला, अगदी वर, तुला दिसू नये असं, लिंबू, मिरच्या आणि बिब्बा तारेनं बांधला. तुझ्या आईनं दिला होता. म्हणाली, ज्योतीला सांगू नको, त्याला असलं पटत न्हाई, पण लेकरू आभाळात चाललंय. मी बैलगाडीला बांधावं तसं बांधून मोकळा झालो. रोज त्याला पाय पोटात घेताना बघणारा मी, ते उभं असताना साफ विसरलो. विमान उचलायला माणसं लागली, तेव्हा सांध्यात पिळा पडलेली तार मला दिसली. ओढून काढली आणि खिशात घातली. म्हणून कुणाला काही सापडलं नाही. ती या पाकिटात आहे, मिरचीचं देठ अजून तिला चिकटलंय. सोमवारी दाखव. मीही येतो, म्हणजे येतोच. आईचं नाव मात्र मी घेणार नाही, तूही

दारात कुणी हाक मारतंय. थांब.

ज्योतीराम, तुझी आई आली आहे. सोपानरावाकडून पत्ता काढून मोशीहून चालत. माझ्यापुढे नारळ ठेवला. म्हणते, "तू बांधलास म्हणून माझा ज्योती जित्ता ऱ्हायला, बन्सी." पदरात नवं लिंबूही आहे, पुढच्या विमानासाठी. मला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही. आता खांबाला टेकून पाय चोळत बसली आहे. कुणाला लिवतोस म्हणाली. तुलाच, म्हटलं. तर म्हणते, वाच की मग, पयल्यापासनं वाच.

वाचतो.

तुझाच,
बन्सी