नवव्या प्रकरणापर्यंत

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

पाटीवर सरस्वती काढली. शेजारी अबोलीचं गणिताचं, प्रीकॅल्क्युलसचं पुस्तक ठेवलं, पूजेला. आत खुणेची फीत नवव्या प्रकरणाच्या शेवटी. फेब्रुवारीपासून तिथंच! चौदापैकी नऊ झाली.

कांचन फूल वाहता वाहता म्हणाली, "एक नोव्हेंबरच्या आत लेकीचा कॉलेजचा अर्ज जायला हवा. ट्रान्सक्रिप्टवर या गणिताचं काय लिहिणार आहात?"

नमस्कार केला. घरच्या शाळेचं गुणपत्रक मीच लिहायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चालायला गेलो तर तळ्याकाठी सत्यजित भेटला. त्याची मुलं इथल्या अमेरिकन शाळेत जातात. आमची अबोली आठवीपासून घरीच शिकते, मीच शिकवतो, याची त्याला भारी गंमत वाटते. अर्ध्या गणिताचं ऐकून हसायलाच लागला. "अरे यार, शाळा तुझी, प्रिन्सिपल तू, मास्तर तू, शिपाई पण तूच! ठोक ना एक 'ए'. कोण येतंय तपासायला?"

कोणी येत नाही, हे खरं. पण राज्याकडे घरच्या शाळेची नोंद केली तेव्हा शाळेचं नाव मी लिहिलं होतं — भैरवनाथ अकॅडमी. गावच्या देवाचं नाव. त्या नावाखाली 'पूर्ण' लिहू? आणि खाली माझी सही?

तपासायला कोणी येत नाही म्हणे! तो बसलाय की वर.

७ ऑक्टोबर

नाही म्हणजे नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज कांचनचा पारा चढला. "सगळ्या विषयांत 'ए' आणि गणितात भोक! तुमच्या तत्त्वापायी पोरीचं इंजिनिअरिंग जाईल. दहावं अवघड होतं तर ते सोडून अकरावं घ्यायचं होतंत."

सोडून? आमच्या गावच्या शाळेत जाधव गुरुजींचा एकच नियम — पुस्तकातलं एकही उदाहरण वगळायचं नाही. पान सोडलं की विद्या रुसते. अबोलीने नऊ प्रकरणांतलं प्रत्येक उदाहरण सोडवलंय. प्रत्येक! अकरा वह्या भरल्यात. सत्यजितच सांगतो, त्याच्या मुलीच्या वर्गात निम्मी उदाहरणं सोडून देतात, आणि त्याला म्हणतात 'पूर्ण'. मग खोटी शाळा कुणाची?

आणि अडचणी कुणाला नव्हत्या? बारावीला आम्हाला गणिताचे मास्तरच नव्हते. जागा वर्षभर रिकामी. तरी पास झालोच ना!

सगळं ठणकावून सांगितलं. सोडणं आमच्यात बसत नाही, असंही म्हणालो.

"हो," कांचन म्हणाली, "थांबणं बसतं."

 

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सरळ कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला फोन लावला. बाई शांत होत्या. म्हणाल्या, विद्यार्थी अजून शिकत असेल तर 'चालू' लिहा. थांबला असेल तर 'अपूर्ण' लिहा, झालं तेवढ्याचे गुण द्या, अर्धं क्रेडिट द्या. असे अर्ज येतात म्हणे, आम्ही वाचतो.

म्हणजे खरं लिहिता येतं! त्यासाठी जागा आहे! कांचनला सांगितलं. सत्यजितलाही मेसेज केला. त्याने हात जोडलेला एक इमोजी पाठवला.

देवापुढे खडीसाखर ठेवली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी जेवणाच्या टेबलावर ट्रान्सक्रिप्ट करायला बसलो. मी सांगायचं, अबोलीने टाइप करायचं.

प्रीकॅल्क्युलस. प्रकरणं एक ते नऊ. अपूर्ण. अर्धं क्रेडिट. ए.

जरा धाकधूक होती. पण ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. इट्स ट्रू." ऊर भरून आला. सतरा वर्षांची पोर! हेच तर शिकवायचं होतं, म्हटलं.

खाली एक चौकोन राहिला होता — अपूर्ण राहण्याचं कारण.

"लिही, आजारपण."

तिची बोटं थांबली. "बाबा, आय वॉज सिक फॉर नाइन डेज. इन फेब्रुवारी."

"तेच लिही."

"इट्स ऑक्टोबर, बाबा."

मी चौकोनावर बोट ठेवलं. तिने टाइप केलं. लॅपटॉप हळूच मिटला आणि वर गेली. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

पूजेत लक्ष लागेना. जपाची माळ दोनदा चुकली.

आजार खोटा नव्हता. एकशे तीन ताप होता. मी स्वतः उशाशी बसलो होतो, कपाळावर घड्या ठेवत. मग खोटं काय त्यात? एक शब्द दाखवावा कोणी खोटा!

पुस्तक अजून देवघरातच आहे. दसऱ्याचं कुंकू तसंच आहे त्यावर. उचललं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दिवे लावायच्या आधी अबोलीला खाली बोलावलं. कारण बदलून घेतलं — दहाव्या प्रकरणापासून पुढचं शिक्षकाला येत नाही. बारावीत मी ते गाईडवरून पाठ करून उतरवलं होतं. फेब्रुवारीत पुन्हा उघडलं, चार दिवस झगडलो, आणि गुरुजींच्या नियमामागे लपलो.

सही केली. अर्ज गेला.

ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा." मराठीत.