आईच्या बाजूची कमान

गुढियारी, रायपूर
९ जानेवारी २०२५

ती. प्रमोदिनीमावशीस,
शर्मिष्ठाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून माझं बोलणं नीलिमावहिनी ओरडून तुझ्या कानात घालते. हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

आईला जाऊन दहा महिने झाले. बाबा अजून गाडीच्या शेडमध्येच दिवस काढतात. जेवायलाही घरात येत नाहीत. ताट तिकडे नेते, अर्धं परत येतं. परवा मी जरा आवाज चढवला, तर म्हणाले, काहून ओरडून राहिली, ती आत एकटी बसली आहे.

आजोबांची एक्कावन्न सालची मॉरिस गाडी तुला माहीतच आहे. आईची पाठवणी तिच्यातूनच झाली. पुढे आजी, म्हणून नवी नवरी मागे डावीकडे बसली, आणि आजी गेल्यावरही तिनं जागा बदलली नाही. आई अंगानं भरत गेली तशी गाडी तिच्या बाजूला झुकायला लागली. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत, वॅगनच्या कमान्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांमध्ये गेलेली. त्यांनी मागच्या डाव्या कमानीत एक लोखंडी पाटा जास्तीचा घातला. तेव्हापासून आई बसली की गाडी सरळ, उतरली की डावी बाजू दोन बोटं वर. मापाला सागाची एक पट्टी आहे.

मावशी, गाडीत कोणी नाही आणि गाडी सरळ आहे. दहा महिने. मी स्वतः रोज पट्टी लावते.

पाटे गंजून बसले असतील अशी मनाची समजूत घालून सोमवारी पंडरीच्या मेकॅनिक शंकरभैयांना बोलावलं. त्यांनी गाडी उचलून चाकं लोंबती सोडली. अशानं कमानीवरचा भार जातो, पाट्यांची टोकं फाकतात आणि त्या फटीत तेल घालता येतं. उजवे पाटे फाकले. डावे मिटलेलेच. शंकरभैया गाडीखालूनच म्हणाले की बिटिया, पीछे जो बैठे हैं, त्यांना आधी उतरायला सांगा. मग बाहेर येऊन त्यांनी काचेतून आत पाहिलं, हात जोडले, आणि चहा न घेता, चपला हातात धरूनच गेले. हत्यारं इथेच पडली आहेत.

अभनपूरचे एक गृहस्थ जुन्या गाड्या सांभाळतात, ते गाडी न्यायला तयार आहेत. गाडी गेली तर बाबा घरात येतील. नाहीतर मी त्यांनाही गमावून बसेन असं वाटतं. तू त्यांना चार ओळी लिही, तुझं ते ऐकतात.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शर्मिष्ठा


भंडारा
१७ जानेवारी

चि. शर्मिष्ठास,
मावशीचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गाडी कोणाला द्यायची नाही. भाऊजींना चार ओळी लिही म्हणतेस. मी चारशे लिहीन, पण त्या त्यांच्या कौतुकाच्या नसतील.

तुझ्या आईला, वनूताईला, एकदा त्याच गाडीतून माहेरी यायचं होतं. माझ्या या ज्या दारातून गाडी निघाली त्याच दारात गाडीतूनच उतरायचं, एवढीच हौस. पन्नास वर्षं बाई रेल्वेच्या पासावर आली. तिनं विषय काढला की भाऊजी म्हणायचे, आधी कमान्या उघडून तेल घालू, एवढ्या लांब कोरड्या पाट्यांवर नको. होळी गेली, दिवाळी गेली. शेवटची सहा वर्षं माझे गुडघे आणि तिचा दम, आमची भेटच नाही. तिचं शेवटचं कार्ड माझ्या उशाखाली आहे. लिहिलंय की कमान्या झाल्या की निघते, खोली झाडून ठेव.

पोरी, ती बसली आहे ती निघायचं म्हणून. तुमची गाडी जागची हलत नाही, तर ती उतरेल काहून? लहानपणीही बंडीत सगळ्यांच्या आधी चढून बसायची आणि बैल जुंपेपर्यंत वाटेचा चिवडा संपवायची. म्हणून तर तुझ्या बापाला पाटा वाढवावा लागला!

भाऊजींना सांग, कमान्या करा आणि तिला घेऊन या. खोली मी झाडली आहे.

लांबूनच तुझ्या डोक्यावरून हात फिरवते.
तुझी मावशी


रायपूर
२८ जानेवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवायचा धीर झाला नाही. शेडमधल्या स्टुलावर ठेवून आले. संध्याकाळी ते आपणहून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तारेचा ब्रश कुठे आहे म्हणून विचारलं.

काल कमान्या झाल्या. मी हाताखाली होते. उजवीकडचं जुनं चामडी वेष्टण सोडलं, गंज खरवडला, पाट्यांच्या फटीत पेचकस सरकवून बारीक कुंचल्यानं तेल घातलं, टोकांना काळं ग्रीस लावलं. रबराच्या बुशांना तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, रबर फुगतं, असं बाबा दहादा बजावत होते. किती दिवसांनी ते मला रागावत होते! मग डावीकडे आलो. पाटे मिटलेले. पेचकसाचं टोकसुद्धा शिरेना.

बाबांनी हात पुसले आणि मागचं डावं दार उघडलं. म्हणाले की रविवारी खरंच निघून राहिलो, शर्मिष्ठा चालवेल, आता अर्धा घंटा उतर, तुझ्या बाजूचं तेवढं राहिलं आहे. आणि हात पुढे केला. आईला त्यांनी हात दिलेला मी घरातही कधी पाहिला नव्हता. गाडी कण्हल्यासारखी वाजली, आणि पाटे एकामागून एक सुटले. हात तसाच धरून बाबा हळूहळू शेडच्या कोपऱ्यातल्या बाकापर्यंत गेले. मी वर पाहिलं नाही. तेल घालत राहिले.

गाडी खाली घेतली तर डावी बाजू दोन बोटं वर. थोड्या वेळानं बाबांनी दार उघडलं, जरा थांबले, आणि लावलं. मी पट्टी लावली. सरळ.

अभनपूरला नाही म्हणून कळवलं आहे. रविवारी उजाडताच निघतो. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली. मला भीती वाटते, मावशी. पण बाबांनी काल घरात बसून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्या वाटेकडे डोळे असू देत.
शर्मिष्ठा


रायपूर
१४ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

बाबा खुशाल आहेत. आत झोपतात, पेपर वाचतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. शेडकडे एकदाही फिरकले नाहीत.

तुझ्याकडे येताना वाटभर कमान्या वाजल्या नाहीत. बाबा मागे वळून न बघता सांगत होते की साकोली आलं, आता पाऊण तास. तुझ्या दारात आम्ही दोघं उतरायच्या आधीच तू काठी टेकत आलीस, मागचं दार उघडलंस आणि सरकून वाट दिलीस. आत जाताना तुझा रिकामा हात कोणाच्या तरी कोपराखाली धरलेला होता. बाबांसमोर मी काही विचारलं नाही.

परत आल्यापासून डावी बाजू दोन बोटं वर आहे. वरच आहे.

मला हेच हवं होतं. मग रोज ऑफिसला जायच्या आधी मी पट्टी घेऊन शेडमध्ये काहून जाते? दहा महिने आई तिथे होती आणि मी माप घेऊन भीतीनं भरभर बाहेर पडायची. एकदाही तिच्याशेजारी जाऊन बसले नाही. ती तुझ्याकडे आहे का, मावशी? पुढच्या रविवारी गाडी घेऊन येऊ का? थोड्या दिवसांसाठी तिला इकडे आणते.

रागावू नकोस, पण लवकर लिही.
तुझी शर्मिष्ठा


भंडारा
२२ फेब्रुवारी

चि. शर्मिष्ठास, अ. आ. वि. वि.

हो, आहे.

माझ्या खाटेची भिंतीकडची बाजू रोज सकाळी दबलेली असते. मी ती चादर ओढून सारखी करत नाही. मले ढग गडगडलेले ऐकू येत नाहीत, पण दुपारी तिचं बोलणं स्वच्छ येतं. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, तेच सगळं. नीलिमा म्हणते, आई एकट्याच हसून राहिल्या.

तू रडू नकोस. तुझंही नाव निघतं. पोट्टी रोज सकाळी वाकून माप घ्यायची, केस ओले तसेच बांधायची, सर्दी होईल, असं म्हणत होती. तू बसली नाहीस तरी तिनं तुला डोळे भरून पाहिलं आहे.

ये, दोन दिवस राहा. पण ट्रेननं ये. गाडी दारात उभी राहिली की ती पदर सावरून निघेल, आणि या खेपेला मला ठेवून जायची नाही असं तिनं सांगून टाकलं आहे. मी नाही म्हटलेलं नाही. फक्त नीलिमाला जूनमधली तारीख आहे, नातवाचं तोंड तेवढं मला बघायचं आहे.

बारसं झालं की मी स्वतः कळवीन. तेव्हा गाडी घेऊनच या.

तुम्हा दोघांना आम्हा दोघींचे आशीर्वाद.
तुझी मावशी