कपाट चौदा : टेबलावर शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

महिन्याचं पत्रक लिहून मोकळी झाले. ‘ग्रंथालय वार्ता’ — एक पान, पाठपोट. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी नवा ऑनलाइन संच आलाय : मानकं, ई-पुस्तकं, नियतकालिकं, घरबसल्या लॉगिन. पासवर्ड विसरल्यास काय करावे. प्रशिक्षण बुधवारी. (पासवर्ड विसरतातच. प्रशिक्षणाला येत नाहीत.) आणि सगळ्यात खाली, बारीक टाइपात : ‘वाचनकक्षातील कपाट क्र. १४ मधील छापील संदर्भग्रंथांचे दि. २८ रोजी निर्लेखन होईल.’

मोजणी माझीच. तीन वर्षं कपाट चौदा — शून्य, शून्य, शून्य. यंत्रांची जुनी हँडबुकं, एकेक उशीएवढं जाड. मला वाईट वगैरे वाटलं नाही. जागा होईल, तिथे चार्जिंगचे पॉइंट येतील.

लेक म्हणाली, “आई, तुझं पत्रक वाचतं तरी कोण?” ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचनकक्षात एकदाच आली होती, माझा डबा द्यायला.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रशिक्षणाला आठ जण. त्यातले तीन एसीसाठी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पत्रक वाचणारा सापडला!

कार्यशाळेतले फिटर. मुलं त्यांना ‘साडेआठ मामा’ म्हणतात. मला वाटायचं, कामावर यायची वेळ असेल. खिडकीशी आले, हात पुसत.

“मॅडम, निर्लेखन म्हणजे काय हो? तीन दिवस विचार करतोय. लेखन कळतं. निर् पण कळतं. दोन्ही मिळून कळत नाही.”

म्हटलं, यादीतून नाव कापायचं आणि पुस्तक रद्दीत.

हात पुसायचे थांबले. मग — “चौदा नंबर? पण मी तीन वर्षं रोज वाचतो की ते.”

मी म्हटलं, शक्य नाही. असंच म्हटलं, तोंडावर.

वीस मार्चला त्यांची खात्याची परीक्षा आहे, कार्यशाळा अधीक्षकपदाची. पुढच्या वर्षी वयात बसत नाहीत, म्हणजे ही शेवटची. अभ्यासक्रमात हीच हँडबुकं. जेवणाच्या सुट्टीत येतात, एक दहा ते एक चाळीस. तेव्हा मी खाली डबा खात असते. ऑनलाइन मिळेल का, म्हणून विचारलं. लॉगिन फक्त विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना. घरी आल्यावर लेकीला तिच्या खात्यातून शोधायला लावलं. संचात या आवृत्त्याच नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा खाल्ला नाही. कक्षात खांबामागे बसले.

एक दहाला मामा आले. चौदातून हँडबुक काढलं, वहीत उतरवून घेतलं, एक चाळीसला पुस्तक परत कपाटात. वर तळहात फिरवून सगळ्या पाठी सारख्या केल्या. टेबल स्वच्छ.

आणि आमची मोजणी अशी : रोज चार वाजता टेबलांवर पडलेली पुस्तकं मोजायची, त्या त्या कपाटापुढे वहीत रेघ मारायची, मग ती जागेवर लावायची. म्हणून तर प्रत्येक टेबलावर पाटी आहे — ‘वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत. कपाटात ठेवू नयेत.’ एकोणीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेली.

विचारलं, पाटी नाही वाचलीत?

“वाचली की. मला वाटलं पोरांसाठी आहे. आळशी असतात, तुम्ही सांभाळून घेता.”

तीन वर्षं रोज येणारा माणूस माझ्या वहीत नाहीच. का, तर नीटनेटका आहे म्हणून! वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण सोमवारी वाटलं नाही असं लिहिलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांकडे गेले — आमचे ग्रंथपाल. म्हटलं, चौदाचं शून्य चुकीचं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी ड्रॉवरमधून नियमांचा कागद काढला आणि माझ्याकडे फिरवला. ‘फक्त टेबलावरची पुस्तके मोजावीत. पाहिलेले, ऐकलेले, सांगितलेले मोजू नये.’ खाली सही माझी.

माणूस वाईट नाही. म्हणाले, “सत्तावीसपर्यंत टेबलावर दहा दाखवा. कपाट ठेवतो. तुमच्या आकड्यावर मी कधी शंका घेतलीय?”

नाही घेतली. दोन वर्षांपूर्वी तपासणीच्या वेळी त्यांना आकडे जरा गुबगुबीत हवे होते. मी हात वर केले होते. तेव्हापासून मला थोडे वचकूनच असतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मामांना सांगितलं — काही करायचं नाही, फक्त पुस्तक परत ठेवायचं नाही. सुट्ट्या सोडून बारा दिवस आहेत, दहा सहज होतील.

“एवढंच ना?” हसले.

चार वाजता : शून्य.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शून्य.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा खांबामागे. मामांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. दारापर्यंत गेले. उभे राहिले. परत आले, पुस्तक कपाटात घातलं, तळहात फिरवला.

मला पाहिलं तेव्हा चेहरा पडला. मग बाकावर बसून डावा हात पुढे केला. मधलं बोट नाही. शेजारचं अर्धं.

“लेथची चावी असते मॅडम, चकमध्ये, म्हणजे लोखंड धरणाऱ्या जबड्यात, घालून फिरवायची. काम झालं की काढून जागेवर टांगायची. बावीस वर्षांपूर्वी कोणीतरी ती तशीच ठेवून जेवायला गेलं. मी येऊन मशीन चालू केलं.” हात मिटला. “तेव्हापासून वस्तू बाहेर टाकून माझा पाय दाराबाहेर पडत नाही. घाम फुटतो. बायको म्हणते, तुमच्यासमोर चहाचा कप खाली ठेवायची चोरी.”

साडेआठ! आणि मी ती शिफ्टची वेळ समजत होते. लाज वाटली.

म्हटलं, लागणारे तीन खंड माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवते. नको म्हणाले. “पकडलं तर तुमची नोकरी जाईल, आणि पुस्तक जाणार ते जाणारच.”

१७ फेब्रुवारी, सोमवार

लेकीला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, “एवढंच? मी येते, दहा पुस्तकं काढून टेबलावर टाकते. दोन मिनिटांचं काम. तुला कळणारही नाही.”

“मला कळेल,” म्हटलं. एकोणीस वर्षांत एक खोटी रेघ मारलेली नाही.

“मग तुझी वही जप. मामा गेले नापास तर गेले.” ताट अर्धं टाकून उठली. माझंही जेवण गेलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खास पत्रक काढलं. ‘ऑनलाइन न मिळणारे काही — कपाट १४ एकदा पाहाच!’ चार दारांवर चिकटवलं, ईमेलनेही पाठवलं.

एक मुलगा आला. चौदाजवळ चार्जिंगचा पॉइंट आहे का, विचारून गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शून्य.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मामा आता वाचत नाहीत, नुसतं उतरवतात. तिसरी वही. जेवढं होईल तेवढं, म्हणाले. गियरच्या खंडाची अजून दोनशे पानं बाकी आहेत. रोज सहा-सात होतात. हिशेब मी मनात केला, त्यांनीही केला असणार.

जाताना माझ्या खिडकीशी थांबले. “मॅडम, मनाला लावून घेऊ नका. मीच पुस्तक टेबलावर ठेवू शकलो नाही. तुमचा काय दोष?” मग पुस्तकांच्या ट्रॉलीचं चाक पाहिलं. वर्षभर कुरकुरतंय. खिशातून तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, ट्रॉली पुढे-मागे करून पाहिली आणि गेले.

मी ट्रॉली ढकलत आत गेले आणि रडले. अजिबात आवाज येत नव्हता चाकाचा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रद्दीवाल्याचा फोन. टेम्पो शुक्रवारी दहाला. गठ्ठे बांधायला माणूस लागेल का, विचारत होता. साहेबांना विचारून सांगते म्हटलं.

कपाट चौदा, आजवर : शून्य. शेवटची मोजणी उद्या.

लेक बोलत नाही. जेवताना मीठ मागितलं, तेही तिच्या बाबांमार्फत. मी वही उघडून बसले होते. एकोणीस वर्षांच्या रेघा, सगळ्या सरळ. पाहताना नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कपाट चौदा : अकरा.

दहा माझी. सकाळी कक्ष उघडायच्या आधी मीच काढून टेबलांवर टाकली, इथे दोन, तिथे तीन. एक दहाला मुद्दाम खाली डबा खायला गेले. मामा सगळी उचलून आत लावतील, याची भीती होती.

चार वाजता मी कक्षात गेले. दहाही टेबलांवरच होती. आपापल्या टेबलावर, पाठी एका रेषेत केलेल्या. आणि मामांच्या नेहमीच्या जागेवर अकरावं — गियरचा खंड. कडा टेबलाच्या कडेला बरोबर समांतर, आत खूण म्हणून पेन्सिल.

वहीत अकरा रेघा मारल्या. त्यातली एक खरी.