स्टुलावरची कवायत

चिंचवड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मारुतरावमामा,

वाकून नमस्कार. ('वाकून' हा शब्द मी हल्ली जपून वापरते, मार्चमध्ये लिहिला असता तर खोटा ठरला असता.) नऊ महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ करा. ओव्हरटाइम चालू आहे असं आईकरवी कळवलं होतं, ते खरं नव्हतं. ओव्हरटाइम फेब्रुवारीत आठ दिवस होता, बाकीचा मी रचला. तुमचे डोळे आणि मामींचं ब्लडप्रेशर कसं आहे? फोन करता आला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला खोटं बोलणं सोपं जातं.

तर, मला आमवात झाला आहे. डॉक्टर म्हणाले, शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. मला ते लगेच समजलं. चाकणच्या कंपनीत मी अठरा वर्षं माल तपासते. चांगला माल नापास करत सुटलेला इन्स्पेक्टर कसा असतो हे मला ठाऊक आहे. (एक वर्ष मीच तशी होते.) सकाळी दीड तास बोटं मिटायची नाहीत. औषधं सुरू झाली, आणि सगळ्यांनी सांगितलं म्हणून मी तीन महिने घरी असले की पडून राहिले. त्यानं दुखणं होतं तिथेच राहिलं, खांदे मात्र आणखी आखडले.

मग डॉक्टरांनी मिनलकडे पाठवलं. ही फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस, पण दरारा तुमच्यासारखा. तिनं सांगितलं, प्रत्येक व्यायाम दहा वेळा. मी घरी वही घेऊन बसले. मूठ पूर्ण मिटली नाही की मी ती 'नापास' धरायची आणि पुन्हा करायची, असं करत दहा पास होईपर्यंत एकतीस झाल्या. दुसऱ्या दिवशी मनगट वांग्यासारखं सुजलं. मी वही पुढे केली, मिनलनं ती मिटून बाजूला ठेवली. "ताई, अर्धी मिटलेली मूठपण मूठच आहे. व्यायामानंतर दोन तासांच्या वर दुखलं, तर उद्या कमी करायचं. सांधा सुजून गरम असेल तर त्याला सुट्टी. बाकी रोज थोडं थोडं." अर्धं काम पास करायला मला दीड महिना लागला. पण आता सकाळचा आखडलेपणा वीस मिनिटांवर आला आहे. (बावीस. खरं तेच लिहावं.)

कंपनीत मात्र मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे आजारी माणसाला हलकी ड्यूटी देतात, आणि हलक्या ड्यूटीवर गेलेला माणूस पुन्हा लाइनवर आलेला मी पाहिलेला नाही. मामा, मला माझं टेबल सोडायचं नाही. त्या टेबलापाशी मला मी कोण ते कळतं.

आमच्याकडे पहिल्या शिफ्टच्या आधी दहा मिनिटं सामुदायिक कवायत असते आणि पुढे उभं राहण्याची पाळी आळीपाळीनं येते. माझी पाळी मी तीनदा लाइन लीडर रोहिदासच्या गळ्यात मारली. गुरुवारी पुन्हा माझी पाळी आली आणि तो नेमका शेलपिंपळगावला लग्नाला गेला, शिफ्टला दुपारी येणार होता. बेचाळीस माणसं समोर, स्पीकरवर संगीत, आणि हात खांद्याच्या वर जाईनात. मी तपासणीचं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि मिनलचे व्यायाम सुरू केले: मूठ मिटा, उघडा, मनगट फिरवा, पाय सरळ करा.

आमच्या कंपनीत पुढचा माणूस जे करतो तीच पद्धत बरोबर, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. कुणी हसलं नाही. लोक स्टुलं शोधायला पळाले. स्टुलं संपल्यावर क्रेट उलटे झाले. फोर्कलिफ्टवाला नवनाथ फोर्कलिफ्टवरच बसून राहिला आणि म्हणाला, "बसून व्यायाम! कंपनी सुधारली राव!"

दुपारी रोहिदास आला. मला वाटलं, थट्टा करणार. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच उजवा अंगठा पुढे केला. "ताई, ह्यो दोन वरसं आखडतोय. कुनाला बोललो न्हाई. लाइनवरनं काढत्याल म्हून." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तो म्हणाला, "तुमी दावला का?" मी 'हो' म्हटलं. कंपनीत बोललेलं माझं ते पहिलं खरं वाक्य. संध्याकाळपर्यंत आणखी दोघी येऊन गेल्या, एक गुडघा आणि एक पाठ घेऊन.

मॅनेजर सुजितसर खूष आहेत. स्टुलावरची कवायत आठवड्यातून दोनदा ठेवायची म्हणतात, सुधारणेचा फॉर्मही दिला आहे. त्यात एक रकाना आहे: 'ही कल्पना कशी सुचली?' मी कच्च्या कागदावर 'कामगारांच्या आरोग्याचा विचार करून' असं लिहिलं. वाचलं आणि लाज वाटली, खोडलं.

मामींना नमस्कार. हे पत्र हातानं लिहिलं आहे, दोन बैठकांत. अक्षर पाहून कौतुक करा.

तुमची,
साधना

ता. क. खरं काम असं. तुम्ही पर्सोनेल खात्यात, कामगारांच्या नेमणुका-बदल्या बघण्यात, तीस वर्षं काढलीत. आजार लेखी कळवला तर माझं टेबल राहील का? फॉर्ममध्ये खरं लिहू की नको?

ता. क. दुसरा. फॉर्म उद्या दहापर्यंत द्यायचा आहे आणि हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल. लिहायला बसले तेव्हाच मला हे माहीत होतं. म्हणजे तुम्हाला 'नको' म्हणायची सवडच मी ठेवली नाही. रागावू नका. उत्तर मात्र पाठवा.

उद्या: रकान्यात 'मला आमवात आहे' असं लिहून सही करणे.