गल्लीतला पहिला बॅटरीवाला

मुलतान, ४ मे
बॅटरी बसली. लिथियमची. छतावर सोलर होतंच, पण सूर्य मावळला की त्याचा कारभार आटोपायचा, आणि लोडशेडिंग नेमकं तेव्हाच. आता दिवसा साठवा, संध्याकाळी वापरा. गल्लीत पहिलीच.
लाईट गेली की सगळे शेजारच्या गजनफर खोखरच्या दारात दोरीच्या बाजा टाकून बसतात. मला कडेची, दोरी सैल झालेली बाज. जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवलेल्या माणसाला! आता बैठक माझ्याकडे. बेगम गेल्यापासून पुढच्या खोलीत कुणी बसलेलं नाही, तेवढाच खोलीला उपयोग. प्रश्न एकटेपणाचा नाही. खोलीचा आहे.

५ मे, संध्याकाळ
लाईट गेली. माझा एसी चालू. खुर्च्या मांडल्या, मोबाईल चार्जिंगला बोर्ड, फालशाचं सरबत. कुणी आलं नाही. संकोच, दुसरं काय. उद्या दार उघडं ठेवायचं.

६ मे
दार उघडं ठेवलं. मांजर आलं. हवा खाऊन गेलं.

११ मे
फत्ते! उकाडाच असा की गजनफर स्वतः आला. मागोमाग सुघरा आपा, त्यांची नातवंडं, कोपऱ्यावरचे हकीम. आपा म्हणाल्या, मेल्या, ही जन्नत इतके दिवस एकटाच दाबून बसलास होय! गजनफर म्हणाला, गारठा जरा कमी कर, आम्ही काय बर्फातले मासे आहोत? सगळे हसले. मीही. जाताना कुणाची तरी चप्पल बदलली. घर भरल्यासारखं वाटलं.

१९ मे
रोज बैठक. मुलीचा टोरंटोहून फोन. मेहरीनचं नेहमीचंच, अब्बू, इकडे राहायला या. म्हटलं, वेळ कुठे आहे?
आज भविष्यावर बोललो. नुसतं सोलर म्हणजे अर्धं काम, बॅटरी जोडली की पुरं. पुढे ज्याचं त्याचं वीजघर, कुणाला कुणाच्या दारात जायची गरज उरणार नाही! टाळ्या. गजनफर म्हणाला, प्रोफेसर, पटलं बुवा. जन्मात पहिल्यांदा पटलं. याला म्हणतात प्रभाव.

२ जून
गजनफरने बॅटरी बसवली. माझ्यापेक्षा मोठी. मीच उन्हात उभं राहून वायरमनला सूचना दिल्या. संध्याकाळी तो आला नाही. नव्याचे नऊ दिवस. येईल.

१४ जून
आपांनी घेतली. हकिमांनीही. आभार म्हणून प्रत्येकाकडून सोहन हलव्याचा डबा. बसा म्हटलं, तर दारातूनच परत. घरी एसी चालू आहे म्हणे. हलवा भरपूर, खाणारा एकटा, त्याला मधुमेह.

२१ जून, संध्याकाळ
लाईट गेली असावी. हल्ली कळतच नाही. दारात खुर्ची टाकून बसलो. सगळ्यांच्या खिडक्या बंद, आत उजेड, गल्लीत नुसती एसींची गरम हवा. गजनफरला बाहेरूनच हाक मारून बाजांचं विचारलं. आतूनच म्हणाला, देऊन टाकल्या, बसतंय कोण?
घर खायला उठतं. लिहिलं खरं. खोडत नाही.
मात्र उपाय सापडला. उद्या लाईट गेली की बॅटरी बंद करायची. एकट्या माझ्याच घरात अंधार दिसला तर चौकशीला माणसं धावतीलच. शेजारधर्म आहे.

२२ जून, रात्री आठ
खटका पाडला. घामाघूम होऊन दारात बसलो. हकीम समोरून गेले, मोबाईलमध्ये डोकं. मुद्दाम खोकलो. खोकल्यावर काढा घ्या म्हणाले आणि गेले.
मग फोन. मेहरीन. आमची बॅटरी तिला तिकडे मोबाईलवर दिसते, अचानक बंद दिसली म्हणून घाबरलेली. अब्बू, बरे आहात ना? जवळ कुणी आहे का? म्हटलं, अगं, सगळी गल्ली इथेच बसलीय, गजनफरच्या गप्पा ऐन रंगात आल्यात, नंतर बोलू.
ती म्हणाली, एवढी माणसं आहेत, तर इतकं शांत कसं?
सांगितलं, लिथियम आहे बेटा, अजिबात आवाज होत नाही.