पांढऱ्या काठाची गिबोशी

१२ एप्रिल
आले एकदाची! डोंगरातलं घर, मागे देवदारांची दाट सावली आणि त्या सावलीत परातीएवढ्या पानांचं झाड, गिबोशी. हिरवंगार पान, त्याला पांढराशुभ्र काठ. शेजारच्या तोमिए आजी मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. म्हणाल्या, घर तुझं गं, पण झाड गावाचं. काठ नसलेला हिरवा कोंब दिसला की मुळापासून छाटायचा, नाहीतर तो सगळा पांढरा काठ गिळतो. मला बाग कोण शिकवतंय! मी नुसती हसले.

२८ एप्रिल
गिबोशीला घराच्या बाजूने निव्वळ हिरवा कोंब आला आहे, चांगला तरतरीत. आजी कोयता घेऊन हजर. मी आडवी उभी राहिले. सासरच्यांनी मला असंच छाटलं होतं, माझ्या अंगणात कुणी छाटलं जाणार नाही. आजी म्हणाल्या, कारटं लाडावून ठेव, मग रड. जाताना गिबोशीचे उकडलेले कोवळे कोंब ठेवून गेल्या. वसंतात सगळं गाव खातं म्हणे. बुळबुळीत! फेकून दिले.

९ मे
गावच्या गरम झऱ्यावर आंघोळीला गेले. सगळ्या बायकांच्या कानांना, बोटांना, खांद्यांना पांढरा काठ. रेखीव. आजींनी माझी पाठ घासता घासता निरखून पाहिली. म्हणाल्या, अजून कोरीच? अगं, कोंब खा, येईल हळूहळू. बाकीच्या बायका माझ्यापासून सरकून बसल्या.

१५ मे
रोज सकाळी दारात कोंबांची वाटी. रोज मी ती रस्त्यावर उपडी करते. या घरात आधी राहायचा त्याचं काय झालं, विचारलं. आजी सहज म्हणाल्या, हट्टी होता, हिरवाच राहिला. त्या वर्षी झाड काय माजलं होतं!
भीती वाटते. पण खाणार नाही. जाणारही नाही.

१७ मे
सकाळी गावच्या भोंग्यावरून सांगितलं — आज तण काढायचा दिवस, कोयते घेऊन देवदाराच्या घरी या. सगळे माझ्या कुंपणापाशी जमलेत. थट्टामस्करी चालली आहे. आजी हाक मारतात, ये गं बाहेर, दुखणार नाही —

मी कुदळ घेतली आणि मागच्या दाराने झाडापाशी गेले. हिरव्या कोंबाला नाही, पांढऱ्या काठाच्या मूळ गड्ड्यालाच घातली.

कुंपणापलीकडे आजी पांढऱ्या काठाचा कान धरून किंचाळल्या. मग सगळेच.

दुसरा घाव. कुंपण मोडतंय. दगडावर वही ठेवून लिहितेय, त्यांना दुखतंय, पण मला काहीच दुखत नाही — मी कोरी आहे! या म्हणावं, या — हा तिस